पायाखालची वाळू: भूकंपात द्रवरूप होणाऱ्या थरांचा भूभौतिक शोध
(प्रस्तावना)

१

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले. भुज, भचाऊ, अंजार, रापर इथल्या ढिगाऱ्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि तो भूकंप पडलेल्या घरांचा भूकंप म्हणून आपल्या स्मरणात राहिला. त्याच सकाळी या गावांच्या उत्तरेला, रणात आणि बन्नीच्या गवताळ पट्ट्यात, निराळेच काही घडत होते. कच्छात त्या वर्षी दुष्काळ होता, आणि तरीही जमिनीतून पाणी वर येत होते. भेगांमधून पाणी आणि बारीक वाळू उसळत होती. कुठे वाळूचे बुटके शंकू उभे राहिले, कुठे खड्डे पडले. उपग्रहांच्या चित्रांत हजारो चौरस किलोमीटर प्रदेशात या ओलीच्या खुणा दिसल्या, आणि काही ठिकाणी त्या बुजून गेलेल्या जुन्या प्रवाहांच्या वाटेनेच पसरलेल्या होत्या. लुप्त झालेली नदी परत वाहू लागली की काय, अशी चर्चाही झाली.

नदी परत आलेली नव्हती. जुन्या प्रवाहांनी आणून टाकलेली सैल वाळू भूजलाने भरलेली होती. हादऱ्यांमुळे तिने काही वेळापुरती आपली घट्टता सोडली आणि ती द्रवासारखी वागली. या घटनेला मृदा द्रवीकरण म्हणतात. असे थर भूकंप येण्याआधी, जमीन न उकरता किंवा फार थोडी उकरून कसे ओळखायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रणात वस्ती नव्हती, म्हणून तिथे उसळलेल्या वाळूने कुणाचे घर गिळले नाही. जिथे त्या वाळूवर माणसाने काही बांधले होते, तिथे मात्र त्याची किंमत मोजावी लागली. चांग, फतेहगढ, कासवती, सुवी, रुद्रमाता, शिवलखा, टप्पर ही कच्छमधली मातीची धरणे त्या दिवशी खचली किंवा चिरली. चांग धरणाचा भराव तर पार पसरून गेला, कारण त्याच्या पायातला पाण्याने भरलेला गाळ हादऱ्यांत टिकला नाही. दुष्काळामुळे जलाशयांत पाणी थोडे होते, म्हणून खालच्या गावांवर पुराचे दुसरे संकट आले नाही.

कांडला बंदरातले उदाहरण आणखी बोलके आहे. तिथली बंदर कार्यालयाची सुमारे २२ मीटर उंचीची इमारत पाईलवर उभी होती. वर सुमारे दहा मीटर मऊ चिकणमाती आणि तिच्याखाली वाळू, अशी तिथली जमीन. पाईल चिकणमाती ओलांडून वाळूत जाऊन थांबलेले होते. भूकंपात ही वाळूच सैल पडली आणि इमारत एका बाजूला कलली. तिच्या माथ्याचा कल सुमारे ३० सेंटीमीटर भरला. इमारत कोसळली नाही, भिंती जागेवर राहिल्या. चूक असेल तर ती खालच्या वाळूला भरवशाचा आधार मानण्यात होती. ती वाळू तिथे भूकंपाच्या आदल्या दिवशीही होती आणि इमारत बांधली त्या वर्षीही होती. तिला वेळेवर ओळखता आले असते का, आणि कोणत्या साधनाने, या प्रश्नाभोवती पुढची सगळी प्रकरणे फिरतात.

२

द्रवीकरणाची क्रिया समजायला अवघड नाही. मापात धान्य ओतून माप हलवले की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. सैल वाळूचे कणही हादऱ्यांत असेच जवळ येऊ पाहतात. वाळू कोरडी असेल तर कणांमधली हवा निघून जाते, जमीन थोडी दबते आणि गोष्ट तिथेच संपते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर पाण्याला निघायला वाट आणि वेळ दोन्ही हवे असते. भूकंपाचे हेलकावे सेकंदा-सेकंदाला येतात, पाणी इतक्या झपाट्याने निघू शकत नाही, आणि कणांमधल्या पाण्याचा दाब हेलकाव्यागणिक वाढत जातो.

एरवी वरच्या मातीचे आणि इमारतीचे वजन कण एकमेकांवर टेकून पेलतात. वाळूची सगळी ताकद या टेकण्यात असते. आधुनिक मृदा यांत्रिकीची पायाभरणी करणाऱ्या कार्ल टेर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व स्पष्ट केले: मातीवरच्या एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केला की जो भार उरतो, तोच कणांच्या वाट्याला येतो, आणि मातीचे बळ त्या उरलेल्या भारावर ठरते. पाण्याचा दाब वाढत वाढत एकूण भाराइतका झाला की कणांच्या वाट्याला काहीच उरत नाही. मग वाळूत पाय रोवून उभी असलेली इमारत कलते, जमिनीखालच्या रिकाम्या टाक्या आणि गटाराचे पाईप वर तरंगून येतात, नदीकाठची जमीन नदीकडे सरकते. दाबलेले पाणी जिथे वरचा थर कच्चा असेल तिथून वाळू घेऊन बाहेर पडते. कच्छच्या रणात हेच घडले होते.

यातून तीन अटी निघतात. थर वाळूचा किंवा चिकटपणा नसलेल्या पोयट्याचा हवा आणि तो सैल रचलेला हवा. तो पाण्याने भरलेला हवा. आणि तो फार खोल नसावा, कारण खोल गेलो की वरच्या भाराने कण आवळलेले असतात; व्यवहारात वरच्या पंधरा-वीस मीटरांचीच काळजी सहसा करावी लागते. चौथी गोष्ट म्हणजे पुरेसा जोरदार आणि पुरेसा वेळ चालणारा भूकंप. ती आपल्या हातात नाही. पहिल्या तिन्ही गोष्टी मात्र आज, या क्षणी मोजता येतात.

३

भूकंपात जमीनच बदलून जाण्याची भारतीय उपखंडाला फार जुनी ओळख आहे. १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपात रणातली सिंदरीची गढी पाण्याखाली गेली आणि तिच्या उत्तरेला जमीन उचलून अल्लाबंद नावाचा लांबच लांब बांध तयार झाला. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपावर रिचर्ड ओल्डहॅम यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी जो बृहद् अहवाल लिहिला, त्यात वाळू आणि पाण्याच्या उसळ्यांची तपशीलवार वर्णने आहेत.

या सगळ्यांत बिहारचा धडा सर्वांत मोठा. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. त्यानंतर भूवैज्ञानिकांनी गावोगाव फिरून नकाशा काढला तेव्हा उत्तर बिहारमध्ये सीतामढी-मधुबनीकडून पूर्णियाच्या दिशेने जाणारा सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा एक पट्टा वेगळा पडला. या खचपट्ट्यात कित्येक घरे कोसळण्याऐवजी कलली किंवा जमिनीत रुतली. रस्त्यांचे आणि रेल्वेचे भराव आजूबाजूच्या शेतांच्या पातळीला आले. विहिरी वाळूने भरल्या आणि पिकाच्या शेतांवर वाळूचे थर पसरले. मदतकार्यात अन्न-वस्त्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न शेतांतली वाळू काढण्याचा आणि विहिरी मोकळ्या करण्याचा होता. हिमालयातून येणाऱ्या नद्यांनी पात्रे बदलत बदलत टाकलेली वाळू आणि हाताच्या अंतरावर असलेले भूजल, हे त्या पट्ट्याचे रहस्य.

अभियंत्यांच्या जगाला मात्र या प्रश्नाची खरी जाग १९६४ साली आली. त्या वर्षी मार्चमध्ये अलास्कात आणि जूनमध्ये जपानच्या निगाता शहरात भूकंप झाले. निगातात कावागिशी-चो भागातल्या चौमजली निवासी इमारती अंगाने फारशा न मोडता आडव्या झाल्या. बांधकाम उत्तम असूनही इमारत निकामी होऊ शकते, हे त्या छायाचित्रांनी एका नजरेत पटवले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी बोल्टन सीड आणि इझ्झत इद्रिस यांनी १९७१ साली जी सोपी पद्धत मांडली, तीच सुधारत सुधारत आज जगभर वापरली जाते. तिचा गाभा असा: अपेक्षित भूकंप त्या खोलीवरच्या थरावर किती ताण आणेल ते एका बाजूला, तो थर किती ताण सोसू शकेल ते दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंचे गुणोत्तर. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतही अशी सोपी पद्धत परिशिष्ट म्हणून दिली आहे.

गुणोत्तराची पहिली बाजू भूकंपशास्त्र सांगते. दुसरी बाजू, म्हणजे थराची सोशिकता, जमिनीतच मोजावी लागते, कारण सैल वाळूचा नमुना तिची मूळ रचना न बिघडवता वर काढणे जवळजवळ अशक्य असते.

४

ती मोजण्याची रूढ पद्धत बोअरची. बोअर मारत खाली जायचे, ठरावीक खोलीवर थांबायचे, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकत नळी ३० सेंटीमीटर आत घालवायला किती ठोके लागतात ते मोजायचे. साइटवर याला ‘एन व्हॅल्यू’ म्हणतात. ठोके थोडे तर वाळू सैल, ठोके जास्त तर घट्ट. शंकूच्या टोकाची सळई सावकाश आत दाबत नेऊन दर दोन-चार सेंटीमीटरला मातीचा विरोध नोंदवणारी पद्धत याहून बारकाईची आहे. या दोन्ही पद्धतींना पर्याय नाही आणि हे पुस्तक तसा दावाही करत नाही. बोअरमधून माती हातात येते. ती वाळू आहे की चिकणमाती, तिच्यात बारीक कण किती, याची खातरजमा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या निश्चितपणे होत नाही.

अडचण बोअरच्या मधल्या जागेची आहे. एक हेक्टर जागेत दीडशे मिलिमीटर व्यासाचे चार बोअर घेतले तर चारही बोअर मिळून एक चौरस फूटही भरत नाहीत. बाकीच्या जमिनीबद्दल आपण दोन बोअरमध्ये सरळ रेषा ओढून अंदाज बांधतो. बेसाल्टच्या आडव्या थरांत असा अंदाज अनेकदा चालून जातो. नदीच्या गाळात तो फसवा ठरू शकतो, कारण नदी सरळ रेषेत गाळ टाकत नाही. ती वळण घेते, आतल्या काठाला वाळू टाकते, बाहेरचा काठ खाते, पुरात पात्र सोडून दुसरीकडे जाते. मागे राहिलेले पात्र वाळूने आणि वरून चिकणमातीने बुजते. वरून पाहणाऱ्याला सपाट शेत दिसते. चाळीस मीटर रुंदीचे असे बुजलेले पात्र दोन बोअरच्या मधून सहज निसटून जाते आणि नेमके त्याच्यावर पुलाचा खांब किंवा पाण्याची टाकी येऊ शकते.

भूभौतिक सर्वेक्षणाचे मोल इथे आहे. त्याचे वाचन बोअरइतके ठाम नसते, पण ते अखंड असते. बोअर जमिनीच्या एका बिंदूची साक्ष देतो, सर्वेक्षण दोन बिंदूंमधल्या पट्ट्याची. द्रवीकरणाच्या तीन अटी आणि सर्वेक्षणाच्या निरनिराळ्या पद्धती यांची जोडणी फार नीट बसते: थर सैल आहे का, हे एक पद्धत सांगते, तो पाण्याने भरला आहे का, हे दुसरी, वाळू कुठवर आणि चिकणमाती कुठून, हे तिसरी. पुस्तकाचे तीन मुख्य भाग याच क्रमाने लावले आहेत.

५

पहिला प्रश्न सैलपणाचा. शाळेच्या भूगोलात आपण प्राथमिक आणि दुय्यम भूकंपलहरी शिकतो. दुय्यम लहरीत कण लहरीच्या वाटेला आडवे हलतात. पाण्याला अशा आडव्या हालचालीचा विरोध करता येत नाही, म्हणून ही लहर पाण्यातून जात नाही. पाण्याने भरलेल्या वाळूतही ती कणांच्या सांगाड्यातूनच जाते. परिणामी तिचा वेग सांगाडा किती ताठ आहे ते थेट सांगतो. घनता आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे मातीचा ताठपणा. वेग दुप्पट तर ताठपणा चौपट. सैल वाळूत हा वेग सेकंदाला शंभर ते दोनशे मीटरच्या आसपास असतो, तर ताज्या बेसाल्टमध्ये त्याच्या कितीतरी पट.

हा वेग आणि प्रत्यक्ष द्रवीकरण यांचा संबंध रोनाल्ड अँड्रस आणि केनेथ स्टोको यांनी २००० साली जगभरच्या नोंदींवरून मांडला. वरच्या भारानुसार दुरुस्त केलेला वेग सेकंदाला सुमारे २००–२१५ मीटरच्या पुढे गेला की वाळूचे द्रवीकरण सहसा होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आज कामाच्या जागी सर्रास वापरला जातो. नेमका आकडा वाळूतल्या बारीक कणांच्या प्रमाणावर ठरतो.

वेग मोजायच्या अनेक रीती आहेत. दोन बोअर घेऊन एकात ठोका द्यायचा आणि दुसऱ्यात ऐकायचा, ही सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत महाग. बोअर न घेता काम करायचे तर जमिनीच्या पृष्ठावरून सरपटत जाणाऱ्या रॅले लहरींचा उपयोग होतो. टेक्सास विद्यापीठात स्टोको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही वाट घडवली, आणि कॅन्ससच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी १९९९ साली अनेक जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे, एकत्र वापरणारी पद्धत मांडली. मॅस्व या नावाने ती आता भारतातही रुळली आहे. बेंगळुरू, दिल्ली, डेहराडून अशा शहरांच्या भूकंप-सूक्ष्मविभागणीच्या कामात तिचा वापर झाला आहे.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे असते. दोन-दोन मीटरवर चोवीस जिओफोन एका ओळीत रोवतात. ओळीच्या टोकाला लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचे ठोके देतात आणि ठोक्यांच्या नोंदी एकावर एक रचून आजूबाजूचा गोंगाट कमी करतात. सेकंदाला चाळीस कंपनांची लहर १६० मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी चार मीटर. ती वरच्या दोनेक मीटर मातीचाच हिशेब देते. सेकंदाला दहा कंपनांची लहर २०० मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी वीस मीटर; ती बरीच खाली पोहोचते. कोणती लहर किती वेगाने गेली याचा आलेख काढला की त्यावरून खोलीनुसार ताठपणा उलगडता येतो. ओळ पुढे सरकवत गेलो की जमिनीचा उभा छेद तयार होतो, आणि त्यात बुजलेले पात्र मऊ खळगीसारखे उमटते.

६

दुसरा प्रश्न पाण्याचा. प्राथमिक लहर दाबाची असते आणि ती पाण्यातूनही जाते, सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने. कोरड्या सैल वाळूत तिचा वेग त्याच्या एक तृतीयांशही नसतो. खाली जाताना हा वेग १५०० च्या घरात उडी मारतो तिथे वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असते. हवेचे बुडबुडे एखादा टक्का जरी उरले तरी वेग झटकन उतरतो. हीच संवेदनशीलता कामाची, कारण थोडीशी हवा उरली तरी द्रवीकरणाला होणारा विरोध लक्षणीय वाढतो.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात याचा प्रत्यय आला. २०१०–११ च्या भूकंपमालिकेत, विशेषतः २२ फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात, एव्हन नदीलगतच्या वसाहतींत रस्तोरस्ती चिखल उसळला. पुढे सुमारे आठ हजार घरांची जमीन पुन्हा बांधण्यास अयोग्य ठरवून ती वस्ती हलवण्यात आली. त्यानंतर त्या शहराची जमीन जगात क्वचितच कुठे तपासली गेली असेल इतक्या बारकाईने तपासली गेली. काही ठिकाणी सीड-इद्रिस यांच्या सोप्या पद्धतीने द्रवीकरण व्हायला हवे असे सांगितले, पण प्रत्यक्षात ते झाले नव्हते. अशा काही जागी प्राथमिक लहरीचा वेग भूजल पातळीच्या खालीही १५०० पेक्षा कमी मिळाला: थर पाण्यात असूनही पूर्ण भरलेला नव्हता. विहिरीतली पाण्याची पातळी मोजून हे कळले नसते.

पाण्याची पातळी कायमची ठरलेली नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २८ सप्टेंबर २०१८ ला इंडोनेशियातल्या पालूजवळ अत्यंत मंद उताराची जमीन घरांसह वाहत गेली. तिथल्या भातशेतीला पाणी देणाऱ्या गुंबासा कालव्यामुळे भूजल वर आलेले होते, आणि ही जमीन निसटण्यामागे त्याचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. जिथे जिथे कालवा येतो, धरण बांधले जाते, खाडी बुजवली जाते, तिथे तिथे जुने सर्वेक्षण नव्याने तपासावे लागते.

तिसरा प्रश्न थरांच्या विस्ताराचा. इथे विद्युत रोधकतेची पद्धत उपयोगी पडते. महाराष्ट्रात ती अनोळखी नाही. बोअरवेलसाठी जागा पाहताना जमिनीत सळया रोवून वीज सोडणारी यंत्रे गावोगावी पाहिलेली आहेत. त्याच तत्त्वावर अनेक सळयांची ओळ लावून जमिनीचा छेद मिळवता येतो. गोड्या पाण्याने भरलेली वाळू विजेला बऱ्यापैकी अडवते, चिकणमाती तिला सहज जाऊ देते. गंगेच्या मैदानात या फरकाने बुजलेली पात्रे छान उठून दिसतात. कच्छच्या रणात मात्र हीच पद्धत अडखळते. खारे पाणी विजेला इतकी मोकळी वाट देते की वाळू आणि चिकणमाती दोन्ही सारख्याच दिसू लागतात. जमिनीत रेडिओलहरी सोडणाऱ्या भूभेदी रडारचेही तेच: कोरड्या वाळूत ते सुरेख चित्र देते, खाऱ्या चिखलात त्याच्या लहरी थोड्याच अंतरात विरून जातात. कोणती पद्धत कुठे चालणार नाही, हे ओळखणे या क्षेत्रातले निम्मे कौशल्य आहे, म्हणून पुस्तकात प्रत्येक पद्धतीच्या मर्यादांना स्वतंत्र जागा दिली आहे.

७

या मर्यादांबद्दल इथेच स्पष्ट बोलले पाहिजे, कारण रंगीत छेद पाहून भुलणे सोपे असते. पृष्ठलहरींवरून उलगडलेला छेद एकमेव नसतो. तोच आलेख देणाऱ्या दोन वेगळ्या थररचना असू शकतात. दहा मीटर खोलीवरचा अर्ध्या मीटर जाडीचा वाळूचा थर या पद्धतीला दिसत नाही, पण उतारावरची जमीन घसरायला तेवढा थर पुरतो. दुय्यम लहरीचा वेग मातीच्या अतिशय सूक्ष्म हालचालीत मोजला जातो, तर द्रवीकरण मोठ्या हालचालीत घडते. दोहोंमधला दुवा अनुभवातून आलेला आहे. शेकडो-हजारो वर्षे मुरलेल्या वाळूत कणांमध्ये हलकेसे जोड तयार होतात आणि वेग वाढतो, पण जोरदार हादऱ्यात ते जोड तुटू शकतात.

म्हणून क्रम असा असावा: आधी जुने नकाशे, नदीची जुनी पात्रे आणि गावातल्या जाणत्या माणसांची माहिती; मग सर्वेक्षणाच्या ओळी; मग त्या ओळींनी जिथे शंका दाखवली नेमक्या तिथे बोअर आणि प्रयोगशाळा; आणि शेवटी बोअरच्या आधारे सर्वेक्षणाचा अर्थ पुन्हा लावणे. आज अनेक प्रकल्पांत बोअर आराखड्यातल्या ठरावीक अंतरावर आधीच घेतले जातात आणि सर्वेक्षण झालेच तर नंतर होते. क्रम एवढा उलटला की दोन्हींचा पैसा बराचसा वाया जातो.

८

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण उघड आहे. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपल्या सामूहिक स्मृतीत आहेत. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यामुळे भूकंप म्हटला की आपले लक्ष भिंतींकडे आणि छपराकडे जाते, आणि ते योग्यच आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर किंवा त्यावरच्या काळ्या चिकण जमिनीवर वसला आहे आणि तिथे द्रवीकरणाचा धोका नगण्य आहे.

पण सगळा महाराष्ट्र असा नाही. मुंबईची सात बेटे भरावाने जोडली गेली. खाड्या आणि समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आज दाट वस्ती, बंदरे आणि साठवणटाक्या उभ्या आहेत. या भरावाखाली बऱ्याच ठिकाणी सागरी चिकणमाती आहे आणि ती वाळूसारखी द्रवीभूत होत नाही, पण भराव कशाचा, किती दाबून केलेला आणि त्याच्या खालीवर वाळूचे थर आहेत का, याचे उत्तर जागेजागी वेगळे येईल. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात जपानच्या कोबे बंदरातले पोर्ट आयलंड हे भरावाचे बेट मोठ्या प्रमाणावर द्रवीभूत झाले. तो भराव कुजलेल्या ग्रॅनाइटचा होता, त्यात खडेही होते, आणि तेवढ्या कारणाने तो सुरक्षित समजला जात असे.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, जळगावपासून अकोला-अमरावतीपर्यंत, गाळ कित्येक ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. सातपुड्यात १९३८ साली ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. या गाळात चिकणमाती बरीच आहे, म्हणून भीती पसरवण्याचे कारण नाही. पण त्यातले वाळूचे पट्टे कुठे आहेत, किती सैल आहेत आणि भूजल तिथे किती वर येते, हे मोठे पूल आणि टाक्या बांधण्याआधी पाहायला हवे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विद्युत रोधकतेची पद्धत रणातल्यासारखीच अडखळेल, हे आधीच ओळखून तिथे लहरींच्या पद्धतींना पुढे करावे लागेल. हे काम करण्याची क्षमता राज्यात आहे. खडकवासल्याची, १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था धरणांच्या आणि बंदरांच्या प्रश्नांवर काम करते आहे; मुंबईच्या आयआयटीत आणि राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मृदा अभियांत्रिकी शिकवली जाते; भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे राज्यभरच्या भूजलाच्या नोंदी आहेत. या तिन्हींची माहिती एका नकाशावर आली तर कुठे पाहायचे, हे बरेच लवकर कळेल.

९

हे पुस्तक आधी स्थापत्य आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यांना गणित टाळता येणार नाही, पण प्रत्येक सूत्राआधी त्यामागची घटना मराठीत समजावून सांगितली आहे. नगरपालिकांतले अभियंते, पाटबंधारे खात्यातले कर्मचारी, ठेकेदार आणि वास्तुविशारद यांनी निदान पहिली चार आणि शेवटची दोन प्रकरणे वाचावीत. सर्वेक्षणाचा अहवाल समोर आला की त्यात काय विचारायचे, ते तिथे आहे. गाळावर किंवा भरावावर घर घेणाऱ्या सामान्य वाचकालाही विचारता येतील असे काही साधे प्रश्न आहेत: ही जमीन पूर्वी काय होती? पाणी किती खोलीवर आहे, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात? वरच्या वीस मीटरमध्ये वाळू आहे का? दुय्यम लहरीचा वेग मोजला आहे का, आणि त्याच ओळीवर बोअर आहे का?

सैल वाळू ओळखता आली तर तिच्यावर उपाय करता येतात. वाळू कंपनाने घट्ट करता येते, दगडी स्तंभ घालून पाण्याला निघायला वाट देता येते, पाईल सैल थर ओलांडून त्याखालच्या भक्कम थरात नेता येतात, आणि काही ठिकाणी बांधकामाची जागाच बदलता येते. या सगळ्यांचा खर्च बांधकामाआधी सोसण्यासारखा असतो. नंतर तो अनेक पटींनी वाढतो आणि कधीकधी उपायच उरत नाही.

म्हणून या प्रस्तावनेच्या शेवटी एक ठाम मागणी करतो. खाडीकाठचा भराव, नदीचा जाड गाळ आणि मातीच्या धरणांचा पाया, या तीन प्रकारच्या जागांवर मोठ्या बांधकामाला परवानगी देताना भूभौतिक सर्वेक्षणाचा छेद आणि त्याच ओळीवरचे बोअर, दोन्ही अर्जासोबत जोडणे सक्तीचे व्हावे. हे छेद एका सार्वजनिक संग्रहात ठेवले जावेत, म्हणजे शेजारच्या जागेवर पुढे बांधणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. क्राइस्टचर्चने असा संग्रह भूकंपानंतर उभा केला. आपल्याला तो भूकंपाआधी उभा करण्याची संधी आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने, माणसे आणि ज्ञान आजच आपल्याजवळ आहे.